भाजक्या टाचेचा फरमा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. माझी टाच जळून काळी पडली आहे, बोटांवर कातड्याची ठिगळं ठोकलेली आहेत, आणि यातल्या एकाही गोष्टीची मला लाज वाटत नाही. ज्यांना वाटायची त्यांना खुशाल वाटो.

जोडे बनवणारे मला फरमा म्हणतात. माणसाच्या पायाचं माप घेऊन तसाच पाय लाकडात कोरायचा, त्यावर ओलं कातडं ताणून बसवायचं, ते वाळलं की तळ शिवायचा. गिऱ्हाईक एकदा माप देऊन जातं, पुढे त्याच्या जागी आम्ही उभे राहतो. मी उजवा. मला डावा भाऊही होता.

आमच्या जोड्यांच्या दुकानाचे मालक बाबा. त्यांनी आम्हाला आपल्या धाकट्या लेकीसाठी कोरलं. ती एका जागी कधी ठरायची नाही, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. तिचा पाय वाढायचा थांबला तेव्हा बाबांनी तिला कागदावर उभं केलं. पेन्सिलीच्या गुदगुल्या होऊन ती हसत सुटली, रेघ हलली आणि माझ्या करंगळीपाशी एक फुगवटा आला. बाबांनी तो तासला नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "हसल्याची खूण आहे."

आमच्या शेजारी भिंतीवर दादाच्या पायांचे फरमे टांगलेले होते. दादा म्हणजे बाबांचा थोरला. लाकूड कोरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सकाळी दुकान तोच उघडायचा आणि संध्याकाळी झाडूनही तोच घ्यायचा. त्याचं कौतुक करायचं मात्र सगळ्यांच्या राहून जायचं. हे मी त्याची बाजू घेऊन सांगतो आहे, कारण पुढे मी ती घेणार नाही.

एके दिवशी खारूताई घर सोडून गेली. नुसती गेली असती तर निराळं. जाताना तिने आजोबांनी कापलेले पुठ्ठ्याचे सगळे नमुने नेले. त्या नमुन्यांवर कातडं कापलं जाई, आमच्या जोड्यांचा घाट त्यांत होता. नदीपलीकडच्या कारखान्यात तिने ते दिले आणि तिथेच कामाला लागली. थोड्याच दिवसांत आमचेच जोडे यंत्रातून धडाधड पडू लागले. जुनी गिऱ्हाइकं दुकानासमोरून मान खाली घालून जाऊ लागली, पायांत कारखान्याचे जोडे घालून.

आमच्या दुकानाचा एक नियम होता. गिऱ्हाईक तुटलं की त्याचा फरमा चुलीत. कातडं चिकटवायचा सरस वितळवायला चूल लागतेच, आणि भिंतीवर जागाही होते.

त्या रविवारी बाबा चर्चला गेले. दादा गेला नाही. त्याने आम्हाला खुंटीवरून काढलं. आधी भावाला चुलीत टाकलं, मग मला. वाळकं लाकूड ते! भाऊ भडकन पेटला. माझ्या टाचेला जाळ लागला तेवढ्यात बाबा परत आले. चष्मा विसरले होते.

त्यांनी सांडशी शोधली नाही. सरळ हात घातला.

"अहो बाबा, काय करताय! एका लाकडासाठी हात भाजून घेतलात?" दादा ओरडला.

"लाकडासाठी नाही," बाबा म्हणाले आणि मला पाण्याच्या बादलीत बुडवलं.

"नियम तुम्हीच शिकवलात."

"गिऱ्हाइकांचा शिकवला. लेकरांचा नाही."

"मग घरात राहिलेल्या लेकराचं काय? शंभरातल्या हरवलेल्या एका मेंढरामागे मेंढपाळ धावतो म्हणे. आणि उरलेल्या नव्याण्णवांनी काय, गवत खात गप्प बसायचं?"

बाबा भाजलेला हात धरून स्टुलावर बसले. म्हणाले, "तुझाही फरमा तिथंच आहे, बघ. तू गेला असतास तर तुझ्यासाठीही हात घातला असता."

 दादाने बाबांच्या हाताला पट्टी बांधली.

तेव्हापासून बाबांनी हट्टच धरला. खारूताईच्या वाढदिवसाला दरवर्षी ते माझ्यावर एक नवा जोडा शिवत. एकच, उजव्या पायाचा. डावा शिवणार कशावर? तो एकटा जोडा काचेच्या कपाटात दर्शनी मांडत. येणारेजाणारे हसत. चर्चमध्ये बाबांच्या शेजारी बसणारा शिंपी तर दुकानात येऊन म्हणाला, "एका पायाचं गिऱ्हाईक शोधताय की काय? अहो, देव माफ करतो, मान्य. पण तिने आधी यायला नको का? पाया पडायला नको?"

"ती यायच्या आधीच मी माफ करून बसलोय," बाबा म्हणाले. "देव आपण सुधारायची वाट बघत बसला असता तर तुम्ही आणि मी चर्चच्या त्या बाकावर बसलो असतो का?"

शिंप्याने टेप गळ्यात अडकवली आणि काढता पाय घेतला. मी खुंटीवर होतो, नाहीतर टाळ्या वाजवल्या असत्या. मला कारखान्याचा राग होता, शिंप्याचा राग होता आणि दादाचा सगळ्यांत जास्त. मी ठरवलं होतं, जळेन तर तिच्या पायाला जोडा मिळाल्यावरच.

मग एका दुपारी एक बाई दारात आली. डोक्यावरून ओढणी घट्ट ओढलेली आणि उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. आत न येता तिने विचारलं, "या पायाला बसेल असा जोडा मिळेल का? बाकी कुठे मिळत नाही."

बाबांनी आवाज ओळखला. पण हाक मारली तर ती पळेल, हे त्यांना ठाऊक होतं.

"बसा," ते म्हणाले. "पाय बघू."

गुडघे टेकून त्यांनी फडकं सोडलं. कारखान्याच्या दाबयंत्राने पाय चिरडला होता. दोन बोटं गेली होती, बाकीचा पाय गाठींनी भरला होता. बाबांच्या डोळ्यांतलं पाणी टपकन त्या पायावर पडलं.

"बाबा, मी नमुने..."

"नंतर, खारे. आधी माप."

कपाटातले सगळे उजवे जोडे काढून झाले, एकही चढेना. मला खाली काढून पायाशेजारी ठेवलं, तर माझा आणि त्या पायाचा कुठेच मेळ बसेना. जो डावा पाय धड राहिला होता त्याचा फरमा जळला होता, आणि मी वाचलो होतो तो निरुपयोगी. माझा सगळा तोरा उतरला.

"आता हा कशाला हवा?" खारूताई रडत म्हणाली. "माझा पाय मापात बसत नाही, बाबा."

"पाय मापात बसत नसेल तर माप बदलायचं. पाय नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी गेलेल्या बोटांच्या जागी मला तासलं. गाठींच्या जागी कातड्याचे तुकडे ठोकले. प्रत्येक घाव मी आनंदाने सोसला. फक्त तो हसल्याचा फुगवटा त्यांनी तसाच ठेवला.

दादा कोपऱ्यात उभा होता.  मग त्याने फळीवरून लाकडाचा एक ठोकळा काढला, तिच्यासमोर कागद टाकला, पेन्सिल घेतली आणि म्हणाला, "डावा पाय ठेव. आणि हसू नकोस, रेघ हलते."

ती हसलीच.

मित्रांनो, आता माझ्या शेजारच्या खुंटीवर नवा डावा आहे. दादाने कोरलेला, माझ्याहून देखणा. त्याच्याही करंगळीपाशी फुगवटा आहे.

तुमच्या घरातून कोणी वाट चुकून गेलं असेल, तर त्याची जागा तशीच राखा. लोक हसतील, हसू द्या. शहाणे नियम सांगतील, सांगू द्या. आणि चूल विझायला आली म्हणून कोणी त्याच्या खुंटीकडे हात नेलाच, तर त्याला ठणकावून सांगा, दुसरं लाकूड बघ.