अबोल्यात घोटलेलं क्रीम

मी खल बोलतोय. चिनी मातीचा, पांढरा, तोंडाशी जरा रुंद. सोबत बत्ता असतो, पण तो बोलत नाही. त्याचं काम ठोकायचं, माझं सोसायचं. आमचं बरं जमतं.

भट्टीतून निघालो तेव्हा बाहेरून चकाकत होतो. आतून मात्र मला मुद्दाम खरखरीत ठेवलं होतं, जिन्नस नीट वाटला जावा म्हणून. तिथून एका औषधांच्या दुकानात आलो. दुकानाचा मालक माझ्यात मलमं घोटायचा. घाई म्हणून त्याला ठाऊक नव्हती. पुढे मलमांच्या तयार ट्यूब आल्या आणि मी मागच्या फळीवर गेलो. माझ्यात किल्ल्या पडू लागल्या, सुटी बटणं पडू लागली. मालक गेला तेव्हाही मी तिथेच होतो. कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो?

मला खाली काढलं त्याच्या दोन सुनांनी. दुकानामागच्या खोलीत त्यांनी चेहऱ्याचं क्रीम करायला घेतलं. वय दिसू नये असं सगळ्यांनाच वाटतं, त्यामुळे गिऱ्हाईक कमी नव्हतं. क्रीममध्ये हिरव्या चहाच्या पानांचा अर्क, ज्येष्ठमधाचा, द्राक्षांच्या बियांचा, आणि शेवटी संत्र्याच्या सालीचा. पहिले तीन गरीब. हा चौथा जहाल. थेंबाथेंबानं घातला तर कातडी तजेलदार होते, जास्त झाला तर पोळते. क्रीममध्ये पडला की दिसत नाही. वासावरून ओळखावं, तर खोलीच सगळी सालींनी घमघमलेली.

म्हणून दोघींची एक रीत होती. जी घालेल तिनं मोठ्यानं म्हणायचं, "साल पडली!" दुसरीनं उत्तर द्यायचं, "पडली!" मगच बत्ता फिरायचा.

मग अबोला झाला. कारण काय, तर डबीवरचा मजकूर.

धाकटी म्हणाली, "ताई, 'दहा वर्षांनी तरुण व्हा' असं छापूया."

थोरली म्हणाली, "आधी तू होऊन दाखव. मग छापू."

झालं. धाकटीला ते लागलं. तेव्हापासून एकीची पाठ फिरली की मगच दुसरी खोलीत यायची.

अशाच एका सकाळी थोरलीनं सगळं घोटलं, साल घातली. सांगणार कुणाला? ती हात धुवायला गेली. मागून धाकटी आली. घोटण झालेलं दिसलं, तिला वाटलं साल राहिली. तिनंही घातली आणि बत्ता फिरवला. मी आतून शहारलो. पण मला तोंड असलं तरी ते भांड्याचं. त्यातून हाक निघत नाही.

डब्या भरण्याआधी पहिलं बोट नेहमी सासूबाईंचं. त्या आल्या, गालांना, कपाळाला लावून खुर्चीत बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "अगं, मी तरुण होतेय की शिजतेय?"

चेहरा लालबुंद. इकडून थोरली धावली, तिकडून धाकटी. गार पाणी, ओलं फडकं, पुन्हा पाणी.

"आई, डोळ्यांत गेलं का?"

"डोळे शाबूत आहेत. तुम्ही दोघी एकत्र दिसताय, म्हणजे चांगलेच शाबूत आहेत. साल किती घातली होतीत?"

"नेहमीएवढीच," थोरली म्हणाली.

"नेहमीएवढीच," धाकटीही म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तू पण घातलीस?"

"मला वाटलं, तुम्ही विसरलात." धाकटीला रडू फुटलं. "ताई, डब्या गेल्या असत्या तर? लोकांचे चेहरे..."

"गेल्या नाहीत ना? मग रड नंतर. आधी ते फडकं गार कर."

डॉक्टरीणबाई येऊन पाहून गेल्या. काही दिवस चेहऱ्याला काही लावू नका, म्हणाल्या. दोघी सासूबाईंच्या दोन बाजूंना बसल्या. आधी कपाळ निवळलं, मग हनुवटी. गालांनी फार वाट पाहायला लावली. संध्याकाळी धाकटीनं बोटाची पाठ हलकेच टेकवून पाहिली आणि म्हणाली, "गार आहे. ताई, गार आहे!" माझा जीव भांड्यात पडला. मीच भांडं, तरी पडला.

सासूबाईंनी आरसा मागवला. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "डबीवर 'कातडी मऊ राहते' एवढंच छापा. तरुण वगैरे नको. तरुण झाले तर तुमच्या सासऱ्यांशी पुन्हा लग्न करावं लागेल, आणि तो माणूस मलम घोटण्यातून उठायचा नाही."

दोघी इतक्या हसल्या की बत्ता गडगडत खाली गेला.

ते घोटण खरवडून टाकून दिलं. मला कढत पाण्यानं धुतलं आणि खिडकीत पालथं घातलं. काठाचा टवका उडालाय, आतला खरखरीतपणाही झिजलाय. पण कुणाचा चेहरा माझ्यामुळे कायमचा बिघडला नाही, या वयात एवढं पुष्कळ झालं.

दोघी आत पुन्हा भांडतायत, चांगल्या मोठमोठ्यानं. ऐकून किती बरं वाटतंय म्हणून सांगू! तुम्हीही भांडा, बाबांनो, पण हाताखाली एकच काम असेल तर बोलत राहा.

बरं, ऊन छान आलंय. आता सुकू द्या मला.