सातव्या दिवसाची मोजणी

नवरा सुकलाल गेल्यापासून मालतीबाईंच्या घरी कुणी बेल वाजवत नसे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाई. मुलगा गजेंद्र शहराबाहेर हजीऱ्याच्या कारखान्यात होता, कंपनीच्या क्वार्टरमध्ये राही आणि महिन्यातून एखाद्या रविवारी येई. म्हणून त्या रविवारी संध्याकाळी बेल वाजली तेव्हा दार उघडायला त्यांना जरा वेळच लागला.

दारात तळमजल्यावरची हर्षदा होती. महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीला. तिच्या हातात एक पांढरं कार्ड होतं आणि त्यावर व्हॅसलिन फासलेलं होतं. हवेतली धूळ त्याला चिकटणार, आणि रोज भिंग लावून कार्डावर आखलेल्या चौकोनातले ठिपके मोजायचे, असा तिच्या गायत्री मॅडमनी प्रयोग दिला होता. हर्षदाच्या खोलीची खिडकी उघडे ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर. मालतीबाईंची गॅलरी मात्र पर्वत पाटियाच्या वर्दळीच्या रस्त्यावर होती.

"सात दिवस कुणी हात लावायचा नाही, आजी," कपडे वाळवायच्या तारेला कार्ड अडकवत ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज पाचला येऊ लागली. एक डोळा मिटून मोजायची, वहीत आकडा लिहायची. अकरा. पस्तीस. बासष्ट. दहा मिनिटांचं काम. तिसऱ्या दिवशी मालतीबाईंनी "बस व माय" म्हणून तिला पोहे दिले. खाता खाता ती शाळेतलं सांगत राहिली. वर्गात आता फक्त चौदा मुलं उरली होती, बाकीची गुजराती शाळेत गेली, आणि तिची मैत्रीण प्रियांकाही त्यांच्यातच. चौथ्या दिवशी मालतीबाई चारपासूनच घड्याळाकडे बघत होत्या. सहाव्या दिवशी आकडा एकशे अडतीसवर गेला. उद्याची शेवटची मोजणी, सोमवारी वही द्यायची, असं सांगून हर्षदा आनंदात जिना उतरली.

रविवारी सकाळी गजेंद्रचा फोन आला. शिफ्ट लागली होती, येणं जमणार नव्हतं. मालतीबाईंनी त्याच्यासाठी भिजवलेली डाळ फ्रीजमध्ये ठेवून दिली. मग त्या गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. कार्ड चांगलंच काळवंडलं होतं. त्यांनी ते काढलं, कापसानं पुसलं, टाचांच्या भेगांसाठी आणलेल्या डबीतलं व्हॅसलिन त्यावर सारखं पसरलं आणि परत तारेला लावलं. प्रयोग बिघडला म्हणजे पोरीला तो पुन्हा करावा लागेल. आणखी सात दिवस. एवढाच विचार त्यांच्या मनात होता.

पाचला हर्षदानं भिंग लावून मोजलं. पुन्हा मोजलं.

"नऊच आहेत. कुणी हात लावला का?"

"नाही," मालतीबाई म्हणाल्या. "वाऱ्यानं उडाली असेल धूळ."

"नव्यानं लावू?" असं ती विचारेल, याची त्या वाट बघत राहिल्या. हर्षदानं वहीत नऊ लिहिलं. जे दिसलं तेच लिहायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं. मग तिनं कार्ड काढून घेतलं. पोह्यांची बशी तशीच राहिली.

सोमवारी दुपारी मालतीबाई शाळेत गेल्या. मॅडमना बाहेर बोलावून त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमनी हर्षदाला हाक मारली, तेव्हा तेच पुन्हा तिच्यासमोर सांगावं लागलं.

"मीच पुसलं गं. तू आणखी येशील म्हणून."

हर्षदानं फक्त विचारलं, "कशानं पुसलं?" आणि उत्तर ऐकून वहीत तसं लिहून घेतलं. मान वर केली नाही. वर्गातली पोरं दाराशी येऊन बघत होती.

मॅडमनी तिला नवं कार्ड आणि आणखी एक आठवडा दिला. ते तिनं इमारतीसमोर, रस्त्यापलीकडे छगनच्या इस्त्रीच्या दुकानाबाहेर, खांबाला लावलं.

आता पाच वाजले की मालतीबाई गॅलरीत येतात. खाली रिक्षा, टेम्पो, साड्यांचे गठ्ठे, आणि पलीकडे खांबाशी ती पाठमोरी. छगन तिला स्टूल देतो. बुधवारी जाता जाता तिनं वर बघितलं. मालतीबाईंनी हात वर केला. मध्ये एक टेम्पो येऊन थांबला, आणि तो हलला तेव्हा खांबाजवळ कुणी नव्हतं.