गोळा घ्या, रस्ता तुमचा

टाळ्या.

रुळांच्या कुंपणावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी. पूर्वी धुरामुळे तिथे कुणी चादर घालत नसे.

भंगाराच्या ढिगात एकमेकांवर पडलेले माझे भाऊ.

"काका, हसा की जरा! लेकीच्या लग्नातही असेच तोंड करून बसला होतात!"

वळणावर एक लांब शिट्टी, दोन आखूड.

मित्रांनो, हे तुकडे एकाच सकाळचे आहेत. मला ते जोडता येतात, कारण त्या सकाळी मी इंजिनात होतो.

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. तळहातावर मावेन एवढाच, पण वजनदार. कारखान्यात मला ओतले, घासले आणि माझ्या पोटावर दोन स्टेशनांची नावे कोरली. त्या दोन स्टेशनांमध्ये एकच मार्ग होता. समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर कुणाला बाजूला व्हायला जागा नव्हती. म्हणून दोन्हीकडे आमची एकेक कुलूपबंद पेटी असे आणि त्या पेट्या तारेने जोडलेल्या असत. एक गोळा बाहेर पडला, की तो परत जमा होईपर्यंत दुसरा कुठूनच निघत नसे. ज्या ड्रायव्हरच्या हाती गोळा, त्याचा रस्ता.

स्टेशनमास्तर मला कडे लावलेल्या पिशवीत घालून इंजिनाच्या खिडकीशी उंच धरत. "गोळा घ्या, रस्ता तुमचा!"

"घेतला, रस्ता माझा!" असे म्हणून ड्रायव्हर मला खुंटीला अडकवी आणि ब्रेक सोडी.

सगळ्यांत जास्त वेळा मला काकांनी घेतले. सगळे स्टेशन त्यांना काकाच म्हणे. त्यांची लेक लहानपणी मास्तरांच्या खोलीत येऊन बसे आणि माझ्यासाठी हट्ट धरी.

"बाबा, द्या ना!"

"खेळणं आहे का ते? गाडी चालवशील तेव्हा घे."

ती खरोखरच गाडी चालवायला शिकली. पण तोवर विजेची तार आली होती. मी रुसून सांगत नाही, मित्रांनो, चांगलेच झाले. धूर गेला. रस्त्यावरचे अवजड ट्रक कमी होऊन माल रुळांवर आला. आता गोळ्याऐवजी दिव्याचा हुकूम चालणार होता. हिरवा दिसला तर जा, लाल दिसला तर थांबा. सगळ्या ड्रायव्हरांना वर्गात बसवून हे शिकवले. काकाही शिकले, परीक्षेत पासही झाले.

हात मात्र वर्गात बसत नाही.

विजेची पहिली गाडी पलीकडच्या स्टेशनावरून आमच्याकडे येणार होती. तिच्यात शाळेची मुले होती आणि ती काकांची लेक चालवत होती. ती पोहोचली, की काकांनी आपले जुने डिझेल इंजिन भंगारात न्यायचे होते. नव्या गाडीत बोलायचे यंत्र होते, धोका दिसताच आपोआप थांबायची सोय होती. जुन्या इंजिनात यातले काहीच बसवले नव्हते. "संध्याकाळी भंगारात जाणाऱ्याला आता कशाला नटवता?" असे साहेब म्हणाले होते.

गाडी यायला थोडा अवकाश होता. मास्तरांना वाटले, तोवर आठवणीसाठी एक फोटो काढू. आमच्या पेटीची तार कापलेली होती, झाकण सताड उघडे होते. मला बाहेर काढायला कुणाची परवानगी लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. मी नेहमीपेक्षा गार पडलो.

काकांचा मदतनीस फोटोत यायचे म्हणून खाली उतरला. मास्तरांनी मला उंच धरले आणि हौसेने जुन्याच सुरात हाक दिली, "गोळा घ्या, रस्ता तुमचा!"

मदतनिसाने खालून डिवचले, तसे काका हसले. फोटो निघाला.

"घेतला, रस्ता माझा!"

मी खुंटीवर गेलो. ब्रेक सुटला.

लोकांना तो समारंभाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर ओरडत धावले, "काका! अहो, फोटोसाठी दिला होता हो!" पण टाळ्यांपुढे आणि इंजिनाच्या धडधडीपुढे त्यांचा आवाज पोहोचला नाही.

मी खुंटीवर हेलकावत होतो. काका गुणगुणत होते. गोळा हाताशी होता, मग भीती कसली?

वळणावर त्यांनी सवयीची शिट्टी दिली. एक लांब, दोन आखूड.

रुळावर कुणीतरी आले आहे हे ओळखून नवी गाडी वळणापलीकडे आपोआप थांबली होती. का थांबली, हे लेकीला कळत नव्हते. शिट्टी ऐकली आणि कळले. ती शिट्टी ती पाळण्यापासून ऐकत होती. तिने भोंगा दाबला तो सोडलाच नाही.

काकांनी सगळा जोर ब्रेकवर टाकला. चाके किंचाळली. दोन इंजिनांच्या मध्ये एक हातगाडीही मावली नसती, तेव्हा आम्ही थांबलो. नव्या गाडीच्या खिडक्यांतून मुले हात हलवत होती.

काका मला घेऊन खाली उतरले. लेकही उतरली.

"बाबा, तुम्ही इथे कसे?"

"अगं, गोळा आहे ना माझ्याकडे," असे म्हणत त्यांनी मला पुढे केले. जमा करायचा असतो ना गोळा.

तिने मला घेतले नाही. त्यांचा हात हवेत तसाच राहिला. त्यानंतर काकांनी कुठलीच गाडी चालवली नाही. ते स्टेशनाकडेही फिरकले नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढेच मी म्हणणार नाही. नवे जरूर आणा. पण जुने काम थांबवाल, तेव्हा ते माणसाच्या हातातूनही हळूहळू उतरवा. आणि गंमत म्हणून आम्हाला कुणाच्या हाती देऊ नका. आम्ही गंमत नव्हतो.

आता मी स्टेशनात काचेच्या पेटीत आहे. विजेची तार पुढे सरकते आहे. काल पुढच्या स्टेशनाची दोन माणसे आली होती. त्यांच्याकडेही आता असाच निरोपाचा कार्यक्रम आहे.

"हा गोळा फोटोपुरता मिळेल का हो?" त्यांनी विचारले.

"न्या की!" नवे मास्तर म्हणाले.

आमचा तो फोटो माझ्या शेजारीच टांगला आहे. छान आला आहे. काका खिडकीतून हसत आहेत, आणि त्यांच्या टोपीच्या वर, थोडा दूर, दिवा लाल आहे.