गेणभाऊंच्या बंगल्याशेजारचं घर

मित्रांनो, आळेफाट्याहून आळे गावाकडे येताना प्लॉटिंगच्या टोकाला निळ्या भिंतींचं एक पत्र्याचं घर दिसतं ना, ते घर म्हणजे मी. वय झालं, पण स्वभाव अजून तापटच आहे. जानकूने मला बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसती बाभळीची झाडं नि कांद्याची शेतं होती. बेल्ह्याच्या बाजारात जनावरं पोचवणारा त्याचा टेंपो माझ्या दारात उभा असायचा. येणारा-जाणारा म्हणायचा, "जानकू, झ्याक बांधलंय राव घर!" मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

मग दोन हजार साल उलटलं आणि शेजारी गेणभाऊंचा बंगला उठला. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, जिन्याला स्टीलचा कठडा. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून वास्तुशांतीला त्याच्या दारावर कोहळा टांगला, तोही बरोबर माझ्या ओट्यासमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जानकूची बायको ठमाबाई माझं अंगण झाडायची, पण बघायची बंगल्याकडे. माझ्या भिंतींचे पोपडे निघाले, तरी रंग द्यायचं कुणाच्या मनात येईना.

त्यातच त्यांच्या एकुलत्या एका लेकीला, नूतनला, बघायला शिनोलीचे पाहुणे यायचं ठरलं. ठमाबाई जानकूला म्हणाली, "अवो, या पत्र्याखाली पावण्यांना कुटं बसवायचं? गेणभाऊंच्या हॉलमधी बसवू." ज्या ओट्याला धरून नूतन चालायला शिकली, त्याच ओट्यावरच्या दाराला तिच्या सोयरिकीच्या दिवशी कुलूप लागलं. मला फार वाईट वाटलं.

पाहुण्यांना बंगला जानकूचाच वाटला. मुलाचे वडील "घर लई भारी हाये" म्हणाले, तर जानकूने नुसती हसून मान हलवली. बंगल्याच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या बाजूला उघडी होती, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं. मुलाची आत्या, गोजरबाई, नूतनच्या मागोमाग आत गेली. नूतन एकामागून एक कपाट उघडत होती.

"कपबशा कुटं हायेत तेबी ठावं न्हाई का, पोरी?"

ठमाबाई सारवासारव करू लागली. नूतनने हातातला ट्रे खाली ठेवला.

"आत्या, हे घर आमचं न्हाई, गेणभाऊकाकांचं हाये. आमचं त्ये पलीकडचं, पत्र्याचं. आईला त्याची लाज वाटली. मला न्हाई वाटत."

मोडली सोयरीक, मला वाटलं, आणि तीही माझ्यापायी. तेवढ्यात गोजरबाईने हॉलकडे हाक मारली, "उठा समदी! पोरीच्या घरी जाऊन चा घेऊ."

माझे पत्रे तापले होते, पंखा करकरत होता. तरी माझ्याच शहाबादी फरशीवर सुपारी फुटली, आणि त्या दिवसापासून बंगल्याबद्दलची माझी जळफळ संपली.

आता जळफळ होते ती शिनोलीच्या घरावर. परवा नूतन माहेरी आली. दुपार कलली तशी आईला म्हणाली, "उशीर व्हतोय, घरी जाते." घरी! हा शब्द ती फक्त माझ्यासाठी वापरायची.

मित्रांनो, भीमाशंकरच्या वाटेवर शिनोली लागते. कधी गेलात तर तिथल्या त्या घराला माझा निरोप द्या, आमच्या नूतनला जप म्हणावं. आणि ते माझ्यापेक्षा चांगलं असलं, तर मला येऊन सांगू नका.