थांबाबाईंचा अभ्यास

आमच्या घरात शब्दांची कधी टंचाई पडली नाही. चार माणसं जेवायला बसली की पाच जणांचे आवाज येतात आणि ऐकणारा एकही नसतो. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "माझी पोरं रडायच्या आधी बोलली." त्यांचा धाकटा माझ्या वाट्याला आला. मीही काही मुकी नव्हते, त्यामुळे जोडा शोभून दिसला.

अशा घरात वाचा गेली ती माझ्या थोरल्या जाऊबाईंची.

ताईंचं खाली रस्त्यालगत शिलाईचं दुकान, वर आम्ही सगळे राहतो. एका सकाळी कुणाच्या तरी कोटाचं कापड बेतता बेतता त्यांच्या हातातून कात्री गळून पडली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून निभावलं. हळूहळू पाय आला, हात आला, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जाऊ लागला. शब्द तेवढे आत राहिले. समजायचं सगळं. भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला घेतली की पूर्वीसारखेच डोळे फिरवायच्या. पण बोलायला तोंड उघडलं की बाहेर यायचा एकच शब्द, "हो."

चहा हवा? हो. नको? हो.

आम्ही त्या "हो"वर घर चालवत होतो. त्याच "हो"वर भाऊजींनी दुकान भाड्याने द्यायचं ठरवलं.

"गिऱ्हाईक येणार, काहीबाही विचारणार, हिला सांगता येणार नाही. कशाला तिच्या जिवाला घोर?" ते आम्हाला म्हणाले. मग ताईंकडे वळून, तापलेल्या मुलाला विचारावं तसं, "देऊन टाकू ना गं? तू आपली आराम कर."

"हो," ताई म्हणाल्या.

"बघा, तिचीपण संमती आहे."

ताई उठून आतल्या खोलीत गेल्या. आम्हाला वाटलं, आराम करायला गेल्या.

त्याच सुमारास कॉलेजच्या समाज आरोग्य विभागाचा एक अभ्यास सुरू झाला. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाकडून बोलण्याचा सराव तर करून घेतातच. पण त्याच्याबरोबर घरच्यांनाही शिकवलं तर तो लवकर बोलतो का, हे त्यांना पाहायचं होतं. काही घरांत फक्त आजाऱ्याला शिकवायचं, काही घरांत सगळ्यांना. कुठलं घर कशात, ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आमची चिठ्ठी "सगळ्यांना"ची निघाली.

"आम्हाला काय शिकवणार?" भाऊजी हसले. "आम्हाला बोलता येतं."

"तेच जरा कमी करायचंय," शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या.

त्या वाचा-उपचारातल्या जाणकार. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. पहिल्याच भेटीत त्या इतक्या वेळा "थांबा" म्हणाल्या, की त्या जिना उतरायच्या आत आमच्या ह्यांनी त्यांचं नाव ठेवून टाकलं, थांबाबाई.

त्यांनी कोपऱ्यात कॅमेरा लावला आणि म्हणाल्या, नेहमीसारखे जेवा. पुढच्या खेपेला ते चित्रीकरण आम्हाला दाखवलं. मी आपली आपण फार जाड दिसतोय का एवढंच बघायला बसले होते. पडद्यावर ताईंनी ओठ हलवले.

"मी—"

"मीठ!" भाऊजी ओरडले. "मीठ दे गं तिला," हे ओरडले. मी तर कधीच वाढून मोकळी झाले होते.

थोड्या वेळाने ताई पुन्हा, "क—"

"कंटाळा आला?" "कढत आहे का?" "कपडे वाळले का म्हणतेय." तीन माणसं, तीन अंदाज. ताईंनी "हो" म्हणून मान खाली घातली.

थांबाबाईंनी चित्र तिथेच थांबवलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात ही बातमीच होती.

"तुम्ही मायेनेच करता," त्या म्हणाल्या. "पण त्यांचा शब्द दारापर्यंत येतो आणि तुम्ही तिघं दार अडवून उभे. आणि त्यांच्या 'हो'वर जाऊ नका. या आजारात मनात 'नाही' असतं आणि तोंडातून 'हो' निघतं. मागून काय येतंय, त्याची वाट बघा."

"किती वाट बघायची?" भाऊजींनी विचारलं.

"शब्द येईपर्यंत."

"आणि नाहीच आला तर?"

"तर उद्या."

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. समोरचं माणूस "च... च..." करतंय, तुम्हाला स्वच्छ दिसतंय की त्याला चमचा हवाय, चमचा तुमच्या हाताशी आहे, आणि तुम्ही ढिम्म बसायचं. भाऊजी स्वतःच्या हातांवर बसू लागले. हे ओठ मिटून नाकातून गुणगुणायचे. शेवटी मी युक्ती काढली. ताई बोलायला लागल्या की बाकीच्यांनी तोंडात पाण्याचा घोट धरायचा.

एकदा थांबाबाई अचानक आल्या तर आम्ही तिघं गाल फुगवून टेबलाभोवती बसलेलो. आधी त्या पोट धरून हसल्या. मग गंभीर झाल्या.

"हे आमच्या पद्धतीत नाही. सगळ्या घरांना सारखंच शिकवायचं असतं. मला हे वर कळवावं लागेल."

भाऊजींनी घोट गिळला. "कळवा. पण पाणी गाळून, उकळून घेतो हेही कळवा."

पहिला अख्खा शब्द आला तो भाऊजींच्याच वाट्याला. ते आपल्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगत होते, जी या घरातल्या भिंतींनाही पाठ आहे. ताईंनी हात वर केला. "पु..." आम्ही दोघांनी घोट भरले. भाऊजी वाक्याच्या मध्येच थबकले. "पु... रे."

ह्यांच्या तोंडातलं पाणी थेट माझ्या अंगावर. भाऊजी मात्र डोळे पुसत होते. "इतकी वर्षं ही मला 'पुरे' म्हणतेय," ते म्हणाले, "आज पहिल्यांदा गोड लागलं."

मग शब्द येऊ लागले. कधी वाकडे, कधी अर्धे, कधी चमच्याच्या जागी चाळणी. पण यायचे. आणि गंमत अशी, की थांबाबाईंनी "हो"चं सांगितल्यावर आम्हाला चहातली साखर आठवली, मीठ आठवलं, दुकानाचा "हो" काही एकालाही आठवला नाही. भाऊजींनी जागा द्यायचा शब्द दिला होता एका चष्मे विकणाऱ्याला. शहाण्यांचं घर आमचं!

अभ्यासाचं शेवटचं चित्रीकरण घराबाहेर करायचं होतं. कुठे, हे ताईंनी सांगायचं. त्यांनी बोट खाली दाखवलं, दुकानाकडे. चष्मेवाला पक्कं करायला त्याच दुपारी येणार होता. भाऊजींना वाटलं, बरंच झालं, एका खेपेत दोन कामं.

बरेच महिने बंद असलेलं दुकान. मशिनांवर चादरी, काउंटरवर धूळ. खुंटीवर टेप तसाच लटकलेला. ताई काउंटरमागे आपल्या खुर्चीत बसल्या. थांबाबाई कॅमेऱ्यामागे उभ्या. चष्मेवाला, साधा, भला माणूस, हातांनी भिंती मापत फिरू लागला. "इथे आरसा येईल. इथे फळ्या. ही मशिनं कधी हलवताय?"

"लगेच," भाऊजी म्हणाले. "हिची काही हरकत नाही."

तरी त्याने रीत म्हणून ताईंना विचारलं, "वहिनी, मग घेऊ ना मी ही जागा?"

"हो," ताई म्हणाल्या.

त्याने खिशातून पेन काढलं.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. ताईंच्या हाताचे पंजे काउंटरवर घट्ट दाबलेले दिसले, कापड सरकू नये म्हणून दाबतात तसे. दुकान द्यायचं ठरलं त्या दिवशी त्या उठून आत गेल्या, ते आराम करायला नव्हे, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. शब्द माझ्या जिभेवर येऊन ठेपला. "त्यांना द्यायचं नाहीये!" एवढंच तर म्हणायचं होतं. पण मी म्हणाले असते तर पुन्हा ते माझंच झालं असतं. आणि नाही म्हणाले तर दुकान जाणार. दोन्ही हात ट्रेत अडकलेले, तोंडात पाणी नाही. मी जीभ दातांखाली धरली. थांबाबाईंकडे पाहिलं, तर त्यांनीही खालचा ओठ चावलेला.

चष्मेवाला कागद उलगडू लागला. "चला, म्हणजे मग—"

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

थांबाबाई नव्हत्या. भाऊजी होते. जन्मात कुणाचं वाक्य पुरं होऊ न दिलेला माणूस तळहात उभा धरून बायकोच्या तोंडाकडे पाहत होता.

आम्ही थांबलो. रस्त्यावरून एक ट्रक गेला. ट्रेमधला चहा निवला. ह्यांचं नाकातलं गुणगुणणंसुद्धा बंद झालं.

"हो," ताई म्हणाल्या. मान जोरात नकाराची हलली. "हो... न... ना... नाही."

भाऊजींनी तळहात तसाच उभा धरला.

"नाही. दुकान... माझं." त्यांनी श्वास घेतला. "मी. शिव... शिवणार."

"अगं, मग तेव्हा का नाही..." भाऊजींनी सुरुवात केली आणि स्वतःच स्वतःचं तोंड दाबलं. थांबाबाई कॅमेऱ्यामागे रडत होत्या. तेही त्यांच्या पद्धतीत नव्हतं.

हे चित्रीकरण पुढे कॉलेजच्या सभागृहात दाखवलं. दाखवायची परवानगी थांबाबाईंनी ताईंना तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारली, एका "हो"वर घेतली नाही. ज्या घरांतली माणसं थांबायला शिकली, तिथली आजारी माणसं कितीतरी जास्त बोलू लागली, असं त्यांच्या अभ्यासात निघालं. आता तो विभाग वस्त्यावस्त्यांतून घरच्यांचे वर्ग घेतो. भाऊजी तिथे गप्प कसं बसावं यावर बोलायला जातात, आणि म्हणे त्यांना आवरावं लागतं.

पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. चष्मेवाल्याने पेनाला टोपण लावलं. "असू द्या वहिनी. मी दुसरी जागा बघतो," म्हणून तो हसला आणि वळला.

"बा..." ताई म्हणाल्या.

तो थांबला. आम्हाला बघून एवढ्यात तोही शिकला होता.

"बाही. आ... खूड."

त्याने हात पुढे करून पाहिलं. कोटाची बाही खरंच मनगटाच्या बरीच वर होती. "बायको कधीची सांगतेय," तो म्हणाला. ताईंनी खुंटीवरचा टेप काढून गळ्यात टाकला, काउंटरला वळसा घालून आल्या, बाहीची कड उलटून आत कापड किती दुमडलंय ते बोटांनी चाचपलं.

"कधी मिळेल?" त्याने विचारलं.

आम्ही तिघंही छताकडे बघू लागलो.

"बुध... नाही. गुरुवार," ताई म्हणाल्या. घासाघीस चालत नाही तो त्यांचा जुना आवाज होता. "उतरवा कोट."

चष्मेवाल्याने निमूट उतरवला.