पिंपात डोकावणारी पळी

मी एक जुनी, लांब दांड्याची पळी आहे. पण मित्रांनो, स्वयंपाकघराशी माझं काडीचंही नातं नाही. पाण्याच्या पिंपात बुडायचं आणि डासांच्या अळ्या वर आणायच्या, हे माझं काम. वळवळणारी अळी चटकन दिसावी म्हणून कारखान्यात मला मुद्दाम पांढरीशुभ्र केली. गोरा रंग मिळाला, तो असल्या कामासाठी!

आरोग्य खात्यातल्या ताई मला घेऊन घरोघर फिरत. ताई फार भिडस्त. कुणाच्या घरात एकदम कसं शिरायचं, म्हणून जिना चढताना त्या माझा दांडा कठड्यावर वाजवत. तो आवाज ऐकला की बायका लगबगीने पिंपं मोरीत ढकलून कडी घालत. कारण अळ्या सापडल्या की ताई पाणी ओतायला लावत, आणि नळाला पाणी यायचं चार दिवसांनी. लोकांनी तरी काय करावं? मी आपली कोरडीच परतायची. "तुमच्या भागात एकही अळी नाही, वा!" म्हणत साहेबांनी ताईंची पाठ थोपटली. हसावं की रडावं, मला कळेना.

तिसऱ्या मजल्यावर एक शिंपी राहत असे. त्याची लहान मुलगी चिमणी मला फार आवडायची. मी गेले की ती बापाची टेप आणून माझा दांडा मोजायची आणि तोंड वाकडं करून म्हणायची, "अजून तेवढीच! ही जेवत नाही वाटतं?"

एकदा चिमणीला ताप भरला. "हवा बदललीय, दुसरं काय!" असं सगळे म्हणाले. तो डेंग्यू होता. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला आणि चिमणी गेली.

त्यानंतर ताई मला घेऊन त्या घरी गेल्या, तेव्हा शिंपिणीने स्वतःच मोरीची कडी काढली. मी पिंपात बुडाले आणि अळ्यांनी भरून वर आले. शिंपिणीने पिंप ओढत दारात आणलं आणि जिन्यावर कलंडवलं.

"अगं, ओततेस काय! पाणी परवा येणार!" शेजारीण धावत आली आणि तिने खाली बादली धरली.

"अहो, अळ्या आहेत त्यात!" ताई ओरडल्या.

"गाळून घेईन," शेजारीण म्हणाली.

मित्रांनो, पिंपाला कापड घट्ट बांधा आणि ताईंना मोरीचं दार उघडून द्या, एवढंच माझं मागणं. तुम्ही ऐकाल अशी आशा मला आता उरलेली नाही. तरी सांगते, कारण त्या शेजारणीच्या घरातही दोन लहान मुलं आहेत.