आहे तसं

"नर्सबाई माझ्यावर ओरडल्या," व्यासपीठावरची बाई म्हणाली. सभागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत बसलेला दुभाषी माईककडे सरकला आणि पाहुण्यांच्या भाषेत म्हणाला, "नर्सबाईंनी मला धीर दिला."

वाक्य तोंडातून गेलं आणि तो स्वतःच दचकला. इतक्या वर्षांत त्यानं मंत्र्यांची रटाळ भाषणं जशीच्या तशी पोचवली होती, कुणाचा शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. पण व्यासपीठावरची बाई बोलत होती आणि थांबायला वेळ नव्हता.

"लस दिली त्याच रात्री पोराला ताप चढला, आकडी आली. डोळे फिरवले त्यानं. मी पळत दवाखान्यात गेले, तर म्हणतात, लशीनं असं काही होत नसतं, तुम्हीच पोराला गोधडीत कोंबून ठेवलं असेल."

"त्यांनी समजावलं, की असा ताप क्वचित येतो," दुभाषी म्हणाला. "बाळाला फार गुंडाळू नका, असं प्रेमानं सांगितलं."

एकदा घसरलेला पाय सावरेना. पाहुणे कानांवर यंत्रं लावून भराभर लिहून घेत होते. चार-पाच देशांतली ही माणसं एकत्र येऊन नर्सेससाठी धडे तयार करणार होती: लस दिल्यावर बाळाला काही झालं, तर त्याच्या आईशी कसं बोलायचं. पहिला धडा या बाईच्या अनुभवावरून लिहायचा होता आणि तो त्या सगळ्या देशांत शिकवला जाणार होता. इथल्या नर्सेसना तिचं बोलणं थेट कळत होतं, त्यामुळे त्यांच्या कानांवर काही नव्हतं. दुभाष्याचं खोटं ज्यांना कळलं असतं त्यांना ते ऐकूच येत नव्हतं. मांजरानं डोळे मिटून दूध प्यावं, तसं त्याचं बिनबोभाट चाललं होतं.

कारण ती ओरडणारी नर्स कोण, हे त्याला माहीत होतं. तिसऱ्या रांगेत बसली होती. त्याची बायको.

त्या दिवशी ती घरी आली ती जेवलीच नाही. "एका बाईवर उगाच डाफरले हो आज," एवढंच म्हणाली. "मला काही माहीत नव्हतं ना, म्हणून ओरडले." पहिल्या रांगेत तिचे मोठे साहेब बसले होते. बायकोची अब्रू आपल्याच तोंडानं वेशीवर टांगायची, की त्या बाईचे शब्द बदलायचे? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"तेव्हापासून आमच्या आळीत कुणी पोरांना लस देत नाही," बाई म्हणाली. "मीही धाकटीला दिलेली नाही. आज तुम्ही ऐकलंत, तर देईन."

"आमच्या आळीत आता सगळे विश्वासानं लस देतात," दुभाषी म्हणाला.

पाहुण्यांची प्रमुख उठली. पांढऱ्या केसांची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. तिचं बोलणं आता त्यालाच सभागृहाच्या कर्ण्यावरून सगळ्यांना सांगायचं होतं. ती म्हणाली, अशा नर्सेस जगभर हव्यात. त्या नर्सबाई इथं आहेत का? आम्हांला त्यांचा सत्कार करायचाय.

दुभाषी माईककडे वाकला. "पाहुण्या बाई ताईंचे आभार मानताहेत," तो म्हणाला.

पण प्रमुख बाई कपाळावर आडवा हात धरून रांगांमधून कुणाला तरी शोधू लागल्या. आणि तिसऱ्या रांगेतून त्याची बायको उठली. तिच्या कानांवर यंत्र होतं. सकाळी एक जास्तीचं उरलं होतं, ते तिनं हौसेनं मागून घेतलं होतं. "बघू तरी आमचा दुभाषी कसा बोलतो," असं मैत्रिणीला म्हणालीसुद्धा होती. तिला ती भाषा येत होती. त्याच्या शब्दांची उजळणी घरी तीच घ्यायची. इथं आल्याबरोबर त्यानं ते यंत्र पाहिलं होतं, त्याला बरंही वाटलं होतं, आणि मग बोलण्याच्या नादात तो ते साफ विसरला होता.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावरची बाई गोंधळून इकडेतिकडे बघू लागली.

"यांना टाळ्या कशाला?" ती म्हणाली. "मी तर यांचीच तक्रार केली."

इथल्या नर्सेसमध्ये खसखस पिकली. बायको वर गेली आणि तिनं माईक हातात घेतला.

"ती नर्स मी," ती म्हणाली. "मी यांना धीर दिला नाही, ओरडले. आकडी येऊ शकते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची मला लाज वाटली. नंतर मी यांच्या घरी गेले, माफी मागितली. इथं यांना मीच घेऊन आलेय, हेच सांगायला."

पाहुण्यांच्या कानांत काहीच पोचलं नाही. त्यांनी यंत्रं चाचपली, मागं वळून काचेकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "आता तरी आहे तसं सांगा."

त्या 'अहो'वर मागं कुणीतरी हसलं. दुभाष्याला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. जिला वाचवायला तो धडपडला, ती लपली नव्हतीच. लपला होता तो. दुभाष्यानं स्वतःचं काही बोलायचं नसतं, हा धंद्याचा नियम. बायकोचं बोलणं त्यानं शब्दन् शब्द पोचवलं आणि मग तो नियम मोडला. या बाळाच्या आईचं बोलणं मी बदललं, तो पाहुण्यांना म्हणाला, ती म्हणाली त्यातलं जवळजवळ काहीच तुमच्यापर्यंत आलेलं नाही. तेच त्यानं कर्ण्यावरून आपल्या भाषेत सांगितलं. साहेबांनी मान वळवून काचेकडे बघितलं.

प्रमुख बाईंनी लिहिलेलं पान फाडलं. त्या त्याला रागावल्या नाहीत, त्याचंच त्याला जास्त लागलं. ताई पुन्हा सांगतील का, एवढंच त्यांनी विचारलं.

दुभाषी काचेतून बाहेर आला आणि व्यासपीठावर त्या बाईच्या शेजारी खुर्चीत बसला. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"परत सांगू? सगळं?"

"सगळं," तो म्हणाला. मान वर करायची त्याला हिंमत झाली नाही.

"लस दिली त्याच रात्री पोराला ताप चढला," ती म्हणाली.

त्यानं ते सांगितलं. मग त्याच्या पलीकडे वाकून तिनं नर्सबाईंना विचारलं,

"बरोबर सांगितलं का हो यांनी?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"हो," ती म्हणाली. "मी ऐकतेय. तुम्ही बोला."